एम्माऊसची वाट आणि आपले पाय



आजच्या शुभवर्तमानातील दोन शिष्य पुनरुत्थानाच्या दिवशीच येरुशलेम सोडून एम्माऊस गावी निघाले आहेत. संत लूक अंतरही सांगतो. ते आपल्या हिशेबाने सुमारे ११ किलोमीटर भरते. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर आहे, त्याहून थोडे पुढे. मन खचलेले, मान खाली, तोंडी एकच विषय. वाटेत एक अनोळखी वाटसरू त्यांच्या सोबतीला येतो, चालता चालता धर्मशास्त्र उलगडून सांगतो, आणि घरी भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडतात. इथवरची कथा आपणा सर्वांना पाठ आहे. यंदा प्रवचनाची तयारी करताना मात्र आमचे लक्ष पुढच्या ओळीवर अडले. प्रभूला ओळखताच ते त्याच घटकेला उठले आणि येरुशलेमला परत गेले. दिवस मावळत आला म्हणून वाटसरूला थांबवून घेणारी हीच माणसे! अकरा किलोमीटर चालून आलेली, दमलेली, आणि रात्रीच्या अंधारात पुन्हा अकरा किलोमीटर चालून गेली.

ती आनंदाची वार्ता त्या रात्री आम्हाला मिळाली असती, तर आमचे मन नक्कीच धावले असते. पायांचे काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे.

हा प्रश्न आम्ही उगाच काढलेला नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री निरोप आला की, एका आजींची प्रकृती फार खालावली आहे, फादरांनी लगेच यावे. आम्ही पवित्र तेल व ख्रिस्तप्रसाद घेऊन मोटारसायकलने निघालो. गावाच्या अलीकडे नाल्याला पाणी आणि पुढच्या वाटेवर आपली काळी माती. ज्यांनी ती माती पावसात तुडवली आहे त्यांना अधिक सांगायला नको. चाक दोन वेढ्यांत जाम होते. गाडी तिथेच लावून उरलेले दीड किलोमीटर आम्ही चालत गेलो. दीड किलोमीटरच! पण घराच्या उंबऱ्यात पोहोचलो तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती, डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि प्रार्थनेचा एक शब्द तोंडातून फुटत नव्हता. आम्ही खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिलो. आजींनी डोळे उघडले, आमच्याकडे पाहिले आणि सुनेला म्हणाल्या, "आंधी फादरले पानी दे वो."

मरणाच्या दारातली ती माउली आम्हाला पाणी पाजवीत होती. तैलाभ्यंग झाला, त्यांनी ख्रिस्तप्रसाद घेतला, आणि पहाटे त्या देवाघरी गेल्या. आम्ही वेळेवर पोहोचलो ही देवाची कृपा. पण परत येताना एक विचार काही केल्या जाईना. वाट अजून एक किलोमीटर लांब असती तर?

पुढल्या आठवड्यात रक्त तपासले. साखर वाढलेली निघाली, रक्तदाबही. डॉक्टरसाहेब आमच्यापेक्षा वयाने लहान, पण स्पष्टवक्ते. ते म्हणाले, "फादर, गोळी मी लिहून देतो, पण चालावं तुम्हालाच लागेल. ते माझ्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळत नाही."

खरे सांगायचे तर, सेमिनरीत असताना ही वेळ आली नसती. तिथे संध्याकाळची घंटा झाली की मैदानावर उतरावेच लागे. व्हॉलीबॉल, फुटबॉल, नाहीतर बागेत कुदळ. दीक्षेनंतर घंटा वाजवणारा कोणी राहिला नाही. मोटारसायकल आली. धर्मग्रामातील प्रत्येक घरी प्रेमाने चहा मिळतो, आणि फादरांच्या चहात साखर जरा सढळ हाताने पडते. दिवसाला सहा चहा झाले तर हिशेब तुम्हीच करा. दोष तुमच्या प्रेमाचा नाही. चारशे पावलांवरच्या घरीही गाडीला किक मारून जाणारे आम्हीच होतो.

आणि हे केवळ आमचेच दुखणे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्याच बाकांवर डोळे फिरवले तरी आकडेवारीची गरज पडत नाही. ऐन उमेदीत गेलेल्या माणसांच्या अंत्यविधीच्या मिस्सा आम्ही ह्याच वेदीवर अर्पण केल्या आहेत.

आता कोणी म्हणेल, फादर, देवळात आत्म्याविषयी बोलावे. शरीराचे काम डॉक्टर पाहतील. ही समजूत फार जुनी आहे, आणि ख्रिस्ती तर मुळीच नाही. प्लेटो या ग्रीक तत्त्वज्ञाच्या लेखनात शरीराला आत्म्याचा तुरुंग मानणारा विचार सापडतो. त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल याने ते मानले नाही. त्याच्या मते आत्मा हा शरीराला जिवंत शरीर बनवणारे तत्त्व आहे. दोघे मिळून एक माणूस. (हा ॲरिस्टॉटल चालत चालत शिकवी, अशी परंपरेची आठवण आहे. आमच्या वर्गात तसे असते तर दुपारच्या तासाला कोणी पेंगले नसते.) तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रकाशात मांडला. नुसता आत्मा म्हणजे पूर्ण माणूस नव्हे, असे त्यांनी स्वच्छ म्हटले. ह्याच थोर पंडिताने दुःखावरील उपायांमध्ये झोप आणि आंघोळ यांचाही समावेश केला आहे, हे विद्यार्थीदशेत वाचून आम्ही हसलो होतो. आज हसू येत नाही.

शब्द देहधारी झाला, ही आपल्या विश्वासाची पायाभूत गोष्ट आहे. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा प्रकट करतो. पुनरुत्थित प्रभूनेही शिष्यांना आपले हात आणि पाय दाखवले. संत पौल करिंथकरांना बजावतो की, तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. चर्चची भिंत ओलीने फुगली तर आपण वर्गणी काढतो. ह्या दुसऱ्या मंदिराची डागडुजी मात्र आपण पुढच्या वर्षावर ढकलतो. कॅटेकिझम या धर्मशिकवणीच्या ग्रंथात तर स्पष्टच सांगितले आहे की जीवन व आरोग्य ही देवाने सोपवलेली मौल्यवान देणगी आहे आणि तिची यथायोग्य काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे. लगेच पुढे इशाराही आहे की शरीराची पूजा मांडू नका. आरशापुढे दंड फुगवून बघणाऱ्या तरुण मित्रांनी हा दुसरा भागही वाचावा.

असिसीच्या संत फ्रान्सिसने आपल्या शरीराला गाढवाची उपमा दिली होती. उपास, जागरण, थंडी, सगळे त्या बिचाऱ्यावर लादले. पण अखेरच्या दिवसांत त्याने मान्य केले की आपण या देहबंधूवर फार अन्याय केला. संतालाही जे उमगायला आयुष्य लागले, ते आपल्याला थोडे लवकर उमगले तर बिघडणार नाही.

उदाहरणासाठी असिसीपर्यंत जायचीही गरज नाही. ते आपल्या उंबऱ्याशी, धाम नदीच्या काठी पवनारला आहे. विनोबाजींनी देश पालथा घातला, हे आपण जाणतो. पण त्याआधीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नालवाडीला असताना त्यांनी सूतकताईच्या मजुरीवरच जगायचे असा कठोर प्रयोग केला होता. तासन्‌तास एका जागी बसून कातणे आणि तुटपुंजा आहार. प्रकृती इतकी ढासळली की वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोवर आले. गांधीजींना काळजी वाटली. त्यांनी हवापालटासाठी कुठेतरी जावे असे सुचवले. विनोबाजींनी थंड हवेचे ठिकाण निवडले नाही. मार्च १९३८ मध्ये ते पवनारला जमनालालजी बजाजांच्या रिकाम्या बंगल्यात येऊन राहिले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या सगळ्या कामांचे आणि चिंतांचे ओझे उतरवून ठेवले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

मग त्यांनी काय केले? कुदळ घेतली आणि शेतात खणायला लागले. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी थोडे अधिक. रोज थोडे थोडे वाढवीत गेले. वर्षाच्या आत त्यांचे वजन १२८ पौंडांपर्यंत गेले. तिथल्या खोदकामात जुनी शिल्पेही सापडली. त्यांतले भरत-राम भेटीचे शिल्प आजही आश्रमात आहे.

त्या वेळी ते ४२ वर्षांचे होते, म्हणजे साधारण आमच्याच वयाचे. ४० किलो वजनाच्या, खंगलेल्या माणसाने जर पहिल्याच दिवशी जिद्दीला पेटून दोन तास कुदळ चालवली असती, तर दुसऱ्या दिवशी त्यांना उठवायला डॉक्टर बोलवावा लागला असता. त्यांनी पाच मिनिटे निवडली. ह्या पाच मिनिटांत जी नम्रता आहे, ती आमच्यासारख्यांकडे नसते. आम्ही एक जानेवारीला पाच किलोमीटर धावतो, दोन जानेवारीला गुडघ्याला बाम लावतो आणि तीन जानेवारीला सोडून देतो.

पुढे मार्च १९५१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, विनोबाजी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी इथून पायी निघाले. त्याच दौऱ्यात १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावातल्या दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमिनीची गरज सांगितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी उठून १०० एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले, आणि चालणे तेरा वर्षे थांबले नाही. १९६४ मध्ये ते पवनारला परतले. मोटारीने गेले असते तर पोचमपल्ली वाटेतले एक नाव म्हणून मागे पडले असते, असे आम्हाला वाटते. पायी जाणारा माणूस प्रत्येक गावात थांबतो, कारण त्याला थांबावेच लागते. एम्माऊसच्या वाटेवरही प्रभू चालणाऱ्यांनाच भेटला.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, कारण ह्यात आपले लोक फसतात. १९५२ च्या अखेरीस बिहारमधील चांडिल येथे विनोबाजींना जीवघेणा हिवताप झाला. आधी त्यांनी औषध नाकारले. लोकांनी फार विनवल्यावर घेतले, आणि बरे होऊन पुन्हा चालू लागले. तेव्हा "आता मी चालतो, गोळ्या बंद केल्या" असे अभिमानाने सांगणाऱ्या आमच्या दोघा-तिघा बंधूंनी (नावे घेत नाही, तुम्ही पुढच्याच बाकांवर आहात) डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये.

सेवाग्रामचीही एक आठवण. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीहून पहाटे पायीच तेव्हाच्या सेगावला राहायला गेले. वय ६६, महिना आपल्याकडचा एप्रिल अखेरचा. आश्रमात त्यांचे सकाळ-संध्याकाळचे फिरणे चुकत नसे. पण त्या आश्रमात आपण सहलीला जातो तेव्हा आम्हाला बापूकुटीपेक्षा परचुरे शास्त्रींच्या कुटीपाशी अधिक वेळ थांबावेसे वाटते. संस्कृतचे हे विद्वान कुष्ठरोगी होते. लोक त्यांच्या सावलीलाही भीत, आणि गांधीजी स्वतः त्यांच्या कुटीत जाऊन त्यांच्या अंगाला मालिश करीत. आपण सोबत धरायची गोष्ट ही आहे. आपले पाय कुणाच्या दाराशी जाऊन थांबतात?

पहाटेच्या मिस्सेला येताना तुम्ही रस्त्यावर धावणारी मुले-मुली पाहिली असतील. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, घड्याळ लावून. थंडीत, अंधारात, पायात कधी धड बूटही नसतात. आपल्या धर्मग्रामातीलही काही त्यांत आहेत, आणि आम्हाला त्यांचा अभिमान आहे. संत पौलाने हे दृश्य ओळखले असते. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत. जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे, जो काही दिवसांत सुकून जाई. त्या सुकणाऱ्या मुकुटासाठी धावपटू इतका संयम पाळतात, मग आपण न सुकणाऱ्या मुकुटासाठी किती पाळावा, असे तो विचारतो. मुलांनो, भरतीत नाव आले वा न आले, धावणे सोडू नका. यादीत नाव नाही म्हणून निराश होऊन टपरीवर बसलेली, तंबाखू चोळणारी तुमच्याहून चार वर्षांनी मोठी मुले आम्ही पाहतो. त्यांचेही पाय एकेकाळी असेच धावत होते.

आता आमच्या माता-भगिनींचे म्हणणे. मागील महिन्यात महिला मंडळापुढे आम्ही चालण्याचे महत्त्व सांगत होतो, तेव्हा एक ताई उठून म्हणाल्या, "फादर, आम्ही दिवसभर वावरात वाकून असतो. कापूस वेचाले चाला, निंदाले चाला, घरी आल्यावर पाणी भराले चाला. आणिक किती चालाव?"

आम्ही निरुत्तर झालो. ताईंचे शंभर टक्के खरे आहे. ज्यांच्या कष्टाने आपल्या जिल्ह्यातला कापूस घरात येतो, त्यांना व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपास सांगणे. एलिया संदेष्ट्याची कथा आठवते. तो थकून रतामाच्या झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले. पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातले. मगच तो चाळीस दिवस होरेब पर्वताकडे चालला. तेव्हा ताईंनो, तुमच्यासाठी देवाचे आजचे मागणे बहुधा हे आहे की तुम्ही वेळेवर जेवा, सगळ्यांचे झाल्यावर उरले-सुरले नव्हे, रक्त कमी आहे का ते तपासून घ्या, आणि दुपारी अर्धा तास पाठ टेका.

आणि दादांनो, त्या अर्ध्या तासात नळावरचे पाणी तुम्ही भरा. दळण गाडीवर न ठेवता खांद्यावर न्या. किराणा आणायला पायी जा. तुम्हाला व्यायामाला वेळ मिळत नाही आणि घरच्यांना विश्रांतीला. ह्या दोन्ही तक्रारी एकाच घरातल्या आहेत, आणि त्यांचे औषधही एकच.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतपत वेगाने. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात. जेवणानंतर थोडे चालल्याने साखर आटोक्यात राहायला मदत होते, हे आम्ही स्वतःच्या बोटातून थेंब काढून पाहिले आहे. आपल्याकडचे ऊन सुरू झाले आहे. तेव्हा सूर्य वर येण्याआधी, नाहीतर तो मावळल्यावर. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये आणि रात्री झोपताना तळपाय पाहावेत. काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांनी खुर्चीत बसून हात-पाय हलवावेत, त्यालाही कोणी हसू नये.

आम्ही स्वतः पाच मिनिटांनीच सुरुवात केली. चर्चच्या आवाराला दोन फेऱ्या. लाज वाटत होती, म्हणून अंधारात. हळूहळू सात झाल्या, मग फाटकाबाहेर पडलो. आता पहाटे माळेची प्रार्थना चालतच करतो. पाच रहस्ये होईपर्यंत दीड किलोमीटर होतो. हो, दीडच. तोच आकडा आम्ही धरून ठेवला आहे, आणि आता त्यानंतर प्रार्थनेचे शब्द नीट फुटतात.

धर्मग्राम समितीशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. चर्चपासून एका किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी रविवारी, प्रकृती चांगली असेल तर, मिस्सेला पायी यावे. म्हाताऱ्या-आजाऱ्यांना गाडीवर आणायचे, म्हणजे त्यांच्यासाठी आवारात गाड्यांना जागाही मोकळी होईल. दुसरी गोष्ट, आपल्या धर्मग्रामातील जे अंथरुणाला खिळून आहेत त्यांची यादी सूचनाफलकावर न लावता आमच्यापाशी ठेवली आहे. दोघादोघांनी यावे, एक नाव घ्यावे, आणि आठवड्यातून एकदा त्या घरी चालत जावे. एम्माऊसलाही दोघेच निघाले होते. त्यांतल्या क्लयपाचे नाव शुभवर्तमानात आहे, दुसऱ्याचे नाही. ती जागा कोणीही घेऊ शकतो.

येत्या बुधवारी पहाटे साडेपाचला आम्ही चर्चच्या फाटकाशी उभे असू. ज्यांना यायचे आहे त्यांनी पाण्याची बाटली आणावी, काठी लागत असेल तर काठी. वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा राहील. पहिल्या दिवशी नाल्याच्या पुलापर्यंतच जायचे आणि मिस्सेआधी परत यायचे. परतल्यावर सिस्टर सर्वांना चहा देणार आहेत, बिनसाखरेचा.